अनरिअल इंजिनमध्ये खेळाडूची बटणं कशी हाताळायची: ब्लूप्रिंटने, पहिल्या पायरीपासून

गेम बनवायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा चित्रांवर किंवा अ‍ॅनिमेशनवर अडत नाही, बटणावर अडतो. ‘ई’ दाबलं तरी दार हलत नाही. किंवा एकदाच दाबलं तरी टॉर्च वेड्यासारखी लुकलुकते. नोड, म्हणजे वायरने जोडायच्या कामाच्या चौकटी, सगळे बरोबर जोडलेले दिसतात, कंपाइल (इंजिनकडून तपासून तयार) करताना चूकही दाखवली जात नाही, आणि तरी खेळताना काहीतरी बिनसलेलंच असतं. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ दोन-तीन ठिकाणीच असतं. ती ठिकाणं नीट कळावीत म्हणून हा लेख आहे.

इथे अनरिअल इंजिन ५ आणि त्यातलं ब्लूप्रिंट धरलं आहे. ब्लूप्रिंट म्हणजे कोड न लिहिता नोड जोडून गेम बांधायची सोय, म्हणजेच व्हिज्युअल स्क्रिप्टिंग. व्हिज्युअल स्क्रिप्टिंग युनिटीतही आहे. गोडो इंजिनने मात्र आपलं व्हिज्युअल स्क्रिप्टिंग चौथ्या आवृत्तीत काढून टाकलं. कोड न लिहिता पूर्ण गेम उभा करायचा असेल, तर आज ब्लूप्रिंटइतकं खोल साधन दुसरं सापडणं कठीण आहे.

सुरुवातीलाच एक इशारा. अनरिअल ४ च्या काळातले व्हिडिओ पाहून शिकत असाल, तर त्यात प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्शन मॅपिंग’ आणि ‘अ‍ॅक्सिस मॅपिंग’ भरायला सांगतात. ती जुनी पद्धत आहे. ५.१ पासून एन्हान्स्ड इन्पुट ही बटणं हाताळायची नवी यंत्रणा हीच मुख्य पद्धत ठरली आणि जुनी मोडीत काढण्याच्या यादीत गेली. अर्धं जुन्या पद्धतीने आणि अर्धं नव्याने करू नका. पुढे सगळं नव्या पद्धतीने आहे.

लागणाऱ्या गोष्टी

- अनरिअल इंजिन ५.१ किंवा पुढची आवृत्ती. ५.३ किंवा त्यानंतरची असेल तर अधिक बरं.
- ‘थर्ड पर्सन’ टेम्प्लेटमधून बनवलेला प्रोजेक्ट. बनवताना सी प्लस प्लसऐवजी ब्लूप्रिंट निवडा.
- कीबोर्ड आणि माउस. जमल्यास एक्सबॉक्स पद्धतीचा कंट्रोलर, कारण विंडोजवर तो वेगळं काही न बसवता चालतो.
- कागद आणि पेन.

प्रोजेक्टचं फोल्डर आणि आतल्या सगळ्या फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. मराठी नावं एडिटरमध्ये दिसतील, पण पुढे गेम पॅकेज करताना (स्वतंत्र चालणारा गेम बनवताना) त्रास होऊ शकतो. विंडोजमधलं तुमच्या खात्याचं नाव देवनागरीत असेल, तर प्रोजेक्ट ‘डॉक्युमेंट्स’मध्ये न ठेवता थेट डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करून तिथे ठेवा.

१. आधी कृती लिहा, बटणं नंतर

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे खेळाडू काय करतो ते लिहा: चालतो, पळतो, उडी मारतो, टॉर्च लावतो, दार उघडतो, कुलूप फोडतो. उजवीकडे त्या कृतीला इंजिनकडून काय माहिती लागते ते लिहा. टॉर्चला फक्त ‘दाबलं की नाही’ एवढं पुरतं. चालायला दिशा लागते, म्हणजे दोन आकडे: डावी-उजवी आणि पुढे-मागे. गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरला एकच आकडा लागतो, शून्य ते एक.

या यादीत बटणांची नावं अजून येऊ देऊ नका. एन्हान्स्ड इन्पुटची रचना या विभागणीवरच उभी आहे. कृती ही एक फाइल असते, कोणतं बटण कोणत्या कृतीला जोडायचं हे दुसऱ्या फाइलीत असतं, आणि कृती घडल्यावर काय करायचं ते ब्लूप्रिंटच्या ग्राफमध्ये, म्हणजे नोड जोडायच्या जागेत, असतं. तिन्ही वेगळे ठेवलेत, तर उद्या ‘ई’ऐवजी ‘एफ’ करायला ग्राफला हात लावावा लागणार नाही.

ग्राफमध्ये उजवं क्लिक करून थेट ‘ई’ या कळीचा इव्हेंट (काही घडल्यावर चालू होणारा नोड) टाकता येतो आणि तो लगेच चालतोही. चाचणीपुरता तो ठीक आहे. खऱ्या गेममध्ये तो राहू देऊ नका. कंट्रोलरवाल्या खेळाडूसाठी तोच ग्राफ पुन्हा लिहावा लागतो आणि बटणं बदलण्याची सोय देण्याची वाट बंद होते.

२. प्रोजेक्टच्या सेटिंग्ज तपासा

नवा प्रोजेक्ट असेल तर ही पायरी अर्ध्या मिनिटाची आहे. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ‘इन्पुट’ विभाग उघडा आणि खाली ‘डिफॉल्ट क्लासेस’पाशी या. प्लेअर इन्पुटसाठी ‘एन्हान्स्ड प्लेअर इन्पुट’ आणि इन्पुट कॉम्पोनंटसाठी ‘एन्हान्स्ड इन्पुट कॉम्पोनंट’ दिसायला हवं. अनरिअल ४ मधून वर आणलेल्या प्रोजेक्टमध्ये इथे जुनी नावं राहिलेली असतात. तसं असेल तर नव्या पद्धतीचा एकही इव्हेंट चालत नाही, आणि चूकही दाखवली जात नाही.

३. इन्पुट अ‍ॅक्शन बनवा

कंटेंट ब्राउझरमध्ये उजवं क्लिक करा, ‘इन्पुट’ आणि त्यात ‘इन्पुट अ‍ॅक्शन’ निवडा. नावाच्या सुरुवातीला ‘आयए’ आणि अंडरस्कोर लावायची पद्धत आहे, ती पाळा. शोधताना सगळ्या कृती एकाखाली एक दिसतात. टेम्प्लेटमध्ये चालणं, बघणं आणि उडी आधीच आहेत, त्यांना हात लावू नका. आपण चार नव्या कृती करू: स्प्रिंट, टॉर्च, इंटरॅक्ट आणि अनलॉक.

प्रत्येक फाइल उघडल्यावर ‘व्हॅल्यू टाइप’ दिसेल. त्याचे चार प्रकार आहेत: डिजिटल, म्हणजे हो किंवा नाही, अ‍ॅक्सिस १डी, म्हणजे एक आकडा, अ‍ॅक्सिस २डी, म्हणजे दोन, आणि अ‍ॅक्सिस ३डी, म्हणजे तीन. आपल्या चारही कृती डिजिटल आहेत. हा प्रकार पुढे कधी बदललात, तर ग्राफमध्ये आधीच टाकलेल्या नोडवर उजवं क्लिक करून ‘रिफ्रेश नोड’ करा, नाहीतर पिन (नोडवरचं वायर जोडायचं टोक) जुन्याच प्रकारची राहते.

त्याच खिडकीत ‘ट्रिगर्स’ आणि ‘मॉडिफायर्स’ असे दोन रिकामे रकाने आहेत. कृती कधी घडली असं मानायचं ते ट्रिगर ठरवतो, आणि बटणाकडून आलेला आकडा मॉडिफायर बदलतो. आत्ता रिकामेच ठेवा. इथे ‘प्रेस्ड’ हा ट्रिगर लावायचा मोह सगळ्यांना होतो. तो कुठे नडतो ते सहाव्या पायरीत येईल.

४. मॅपिंग कॉन्टेक्स्टमध्ये बटणं जोडा

पुन्हा उजवं क्लिक, ‘इन्पुट’, आणि या वेळी ‘इन्पुट मॅपिंग कॉन्टेक्स्ट’, म्हणजे बटणं कृतींना जोडणारी फाइल. ‘मॅपिंग्ज’पुढच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून कृती निवडा. मग तिच्या खालच्या ओळीत कीबोर्डच्या छोट्या चित्रावर क्लिक करून हवं ते बटण दाबा. लांबलचक यादीत नाव शोधायची गरज नसते. आपण असं जोडू:

- स्प्रिंट: डावं शिफ्ट
- टॉर्च: टी
- इंटरॅक्ट: ई, आणि कंट्रोलरवर गेमपॅड फेस बटन लेफ्ट
- अनलॉक: एफ

कंट्रोलरची बटणं इंजिनमध्ये जागेनुसार ओळखली जातात: वरचं, खालचं, डावं, उजवं. एक्सबॉक्सचं ‘ए’ आणि प्लेस्टेशनचं फुलीचं बटण, दोन्ही ‘फेस बटन बॉटम’च.

आता टेम्प्लेटमधला तयार कॉन्टेक्स्ट उघडून चालण्याची कृती बघा, कारण मॉडिफायर तिथे सर्वांत चांगले समजतात. कीबोर्डची कळ दाबली की एक्समध्ये, म्हणजे दोन आकड्यांपैकी डाव्या-उजव्याच्या आकड्यात, १ येतो, एवढंच इंजिनला कळतं. ‘डी’ म्हणजे उजवीकडे, म्हणून तो १ तसाच चालतो. ‘ए’ला ‘निगेट’ लावून उणे १ केला आहे. ‘डब्ल्यू’ला ‘स्विझल’ लावून एक्समधला आकडा वायमध्ये (पुढे-मागेच्या आकड्यात) नेला आहे, आणि ‘एस’ला स्विझल व निगेट दोन्ही. कंट्रोलरच्या काडीसाठी (स्टिकसाठी) ‘डेड झोन’ असतो. त्याची खालची मर्यादा मुळात ०.२ असते, म्हणजे काडी जराशी हलली तर पात्र सरकत नाही. जुन्या, सैल झालेल्या कंट्रोलरवर पात्र आपोआप चालू लागलं, तर हा आकडा ०.२५ पर्यंत वाढवून बघा.

‘ए’ आणि ‘डी’ एकाच वेळी दाबले तर पात्राने थांबावं असं वाटत असेल, तर कृतीच्या फाइलीत ‘अ‍ॅक्युम्युलेशन बिहेविअर’ बघा. तिथे ‘टेक हायेस्ट अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू’ असेल, तर दोन आकड्यांपैकी मोठा घेतला जातो. ‘क्युम्युलेटिव्ह’ केलं की बेरीज होते आणि १ व उणे १ मिळून शून्य येतं.

कृतीवर लावलेले ट्रिगर आणि मॉडिफायर त्या कृतीच्या सगळ्या बटणांना लागू होतात. कॉन्टेक्स्टमध्ये एखाद्या बटणाखाली लावलेले फक्त त्या बटणापुरते असतात. ‘निगेट’ चुकून कृतीवर लावलात, तर चारही दिशा उलट्या होतात.

५. कॉन्टेक्स्ट खेळाडूला लागू करा

फाइल बनवली म्हणजे ती चालू झाली असं नाही. नवख्यांची सर्वांत जास्त अडचण इथेच होते, कारण ही पायरी राहिली तरी बाकी सगळं बरोबर दिसतं.

प्लेअर कंट्रोलरचा, म्हणजे खेळाडूच्या वतीने पात्र चालवणाऱ्या भागाचा, ब्लूप्रिंट उघडा. नसेल तर नवा करा आणि गेम मोडमध्ये (गेममध्ये कोणतं पात्र आणि कोणता कंट्रोलर वापरायचा हे ठरवणाऱ्या ब्लूप्रिंटमध्ये) ‘प्लेअर कंट्रोलर क्लास’पाशी त्याचं नाव द्या. मग ग्राफमध्ये या क्रमाने जोडा:

१. ‘इव्हेंट बिगिन प्ले’.
२. ‘इज लोकल प्लेअर कंट्रोलर’ हा नोड आणि त्याला जोडलेली ‘ब्रँच’.
३. ‘ट्रू’ वाटेने ‘अ‍ॅड मॅपिंग कॉन्टेक्स्ट’.
४. त्याच्या ‘टार्गेट’ला ‘एन्हान्स्ड इन्पुट लोकल प्लेअर सबसिस्टिम’. हा नोड सहसा सापडत नाही. आधी ‘सेल्फ’ टाका आणि त्याच्या पिनमधून वायर ओढून शोधा.
५. ‘मॅपिंग कॉन्टेक्स्ट’मध्ये आपली फाइल, ‘प्रायॉरिटी’ ०.

पुष्कळ धड्यांत हेच काम पात्राच्या बिगिन प्लेमध्ये केलेलं असतं. एका खेळाडूच्या साध्या गेममध्ये ते चालतंही. पण पात्र मरून पुन्हा जन्माला आलं, किंवा नेटवर्कवरच्या क्लायंटकडे (जोडलेल्या खेळाडूच्या मशीनवर) पात्र आधी आणि कंट्रोलरचा ताबा नंतर पोहोचला, तर बिगिन प्लेच्या क्षणी पात्राला कंट्रोलरच नसतो. ‘कास्ट’, म्हणजे हा आपलाच कंट्रोलर आहे का हे तपासणारा नोड, फसतो आणि बटणं गप्प होतात. प्लेअर कंट्रोलर गेमभर टिकतो, म्हणून हे काम तिथेच ठेवा.

६. कोणत्या पिनमधून वायर काढायची

पात्राच्या ब्लूप्रिंटमध्ये उजवं क्लिक करून कृतीचं नाव लिहा आणि तिचा इव्हेंट टाका. सुरुवातीला फक्त ‘ट्रिगर्ड’ ही एकच पिन दिसते. तिथूनच वायर काढायची असा समज होतो, आणि टॉर्च लुकलुकायला लागते. नोडच्या तळाशी असलेल्या छोट्या बाणावर क्लिक करा, पाच पिना उघडतील.

ट्रिगरचा रकाना रिकामा असेल, तर त्या अशा चालतात. ‘स्टार्टेड’ बटण दाबल्याच्या क्षणी एकदाच येतो. ‘ट्रिगर्ड’ बटण दाबलेलं असेपर्यंत प्रत्येक फ्रेमला येतो. ‘कम्प्लीटेड’ बटण सोडल्यावर एकदा येतो. ‘ऑनगोइंग’ आणि ‘कॅन्सल्ड’ या स्थितीत कामाला येत नाहीत. त्यांचा उपयोग ‘होल्ड’सारख्या वेळ मोजणाऱ्या ट्रिगरसोबत होतो.

माणूस बटण पटकन दाबून सोडतो तेव्हाही साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो. सेकंदाला ६० फ्रेम चालू असतील, तर तेवढ्यात ट्रिगर्ड सहा वेळा येतो. टॉर्च सहा वेळा चालू-बंद होते आणि सहा हा सम आकडा असल्यामुळे शेवटी होती तशीच राहते. पाहणाऱ्याला वाटतं, बटण चाललंच नाही. सात फ्रेम झाल्या तर चाललं असं वाटतं. ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ अशी तक्रार असेल, तर पहिला संशय इथे घ्या.

याच कारणाने ट्रिगर्डवर थेट ‘मोजणी अधिक १’ असं काही लिहू नका. ६० फ्रेमच्या मशीनवर सेकंदाला ६० वाढतील, १४४ च्या मॉनिटरवर १४४. दर फ्रेमला वाढवायचंच असेल, तर ‘गेट वर्ल्ड डेल्टा सेकंड्स’ने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणा. माउसच्या हालचालीला मात्र हा गुणाकार लावू नका. माउसचा आकडा ‘मागच्या फ्रेमपासून किती हलला’ असाच येतो, त्याला पुन्हा गुणलं की वेग फ्रेमरेटबरोबर बदलतो.

आता ‘प्रेस्ड’ या ट्रिगरविषयी. तो लावला की ट्रिगर्ड एकदाच येतो आणि टॉर्चचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण त्याबरोबर कम्प्लीटेडचा अर्थ बदलतो. ट्रिगरच्या दृष्टीने काम एका फ्रेममध्ये संपलेलं असतं, म्हणून बटण अजून दाबलेलं असतानाच पुढच्या फ्रेमला कम्प्लीटेड येतो. अशा कृतीवर ‘दाबलं की पळ, सोडलं की चाल’ बांधलंत, तर पात्र एक फ्रेम पळून लगेच चालायला लागेल. म्हणून सरळ नियम ठेवा: ट्रिगर रिकामा, एकदाच्या कामासाठी स्टार्टेड, सोडल्यावरच्या कामासाठी कम्प्लीटेड, आणि सतत चालणाऱ्या कामासाठीच ट्रिगर्ड. या चार गोष्टींवर गेमची तीन चतुर्थांश बटणं भागतात.

७. उडी, पळणं आणि टॉर्च

उडी: स्टार्टेडमधून ‘जंप’, कम्प्लीटेडमधून ‘स्टॉप जंपिंग’. दुहेरी उडी हवी असेल तर पात्राच्या सेटिंग्जमध्ये ‘जंप मॅक्स काउंट’ १ चा २ करा, त्यासाठी ग्राफमध्ये काही लिहावं लागत नाही. बटण जास्त वेळ धरल्यावर उंच उडी हवी असेल, तर ‘जंप मॅक्स होल्ड टाइम’ शून्यावरून ०.२ च्या आसपास न्या. स्टॉप जंपिंगला खरा अर्थ तेव्हाच येतो.

पळणं: ‘वॉक स्पीड’ आणि ‘रन स्पीड’ असे दोन फ्लोट व्हेरिएबल (दशांश आकडा साठवायच्या जागा) करा. पहिल्यात टेम्प्लेटमध्ये असलेलाच ‘मॅक्स वॉक स्पीड’ लिहा, दुसऱ्यात त्याच्या दीडपट. अनरिअलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, म्हणून ६०० म्हणजे सेकंदाला सहा मीटर. स्टार्टेडमधून ‘सेट मॅक्स वॉक स्पीड’ला रन स्पीड, कम्प्लीटेडमधून वॉक स्पीड. हे आकडे नोडमध्ये थेट लिहू नका. पुढे दमछाक, जखम, चिखल अशा गोष्टी आल्या की वेग चार ठिकाणी बदलावा लागतो आणि एक जागा हमखास राहते.

टॉर्च: पात्राला ‘स्पॉट लाइट’ जोडा. ‘टॉर्च चालू आहे का’ असा एक बुलियन (हो किंवा नाही साठवणारं व्हेरिएबल) करा. स्टार्टेडमधून तो ‘नॉट’ने उलटा करा आणि तीच किंमत ‘सेट व्हिजिबिलिटी’ला द्या. इथे ‘फ्लिप फ्लॉप’ नोड, म्हणजे आळीपाळीने दोन वाटांनी जाणारा नोड, सोपा वाटतो, पण टाळा. पाण्यात पडल्यावर टॉर्च दुसऱ्या कुठल्या ग्राफमधून बंद झाली, तर फ्लिप फ्लॉपला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी बटण दोनदा दाबावं लागतं.

उडीत एक बारकावा घालण्यासारखा आहे. खेळाडू जमिनीला टेकायच्या जरा आधी उडीचं बटण दाबतो, पात्र अजून हवेत असतं, आणि दाब वाया जातो. खेळाडूला वाटतं गेमने ऐकलं नाही. उपाय सोपा आहे. स्टार्टेडवर ‘गेट गेम टाइम इन सेकंड्स’ची किंमत एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग ‘इव्हेंट ऑन लँडेड’वर आताच्या वेळेतून ती वजा करा. फरक ०.१२ पेक्षा कमी असेल तर ‘डिले अंटिल नेक्स्ट टिक’ टाकून जंप करा आणि ती साठवलेली वेळ उणे १ करून टाका, म्हणजे तोच दाब दुसऱ्यांदा मोजला जाणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण उडीचा हात लगेच सुधारतो.

८. ‘ई’ दाबल्यावर दार उघडणं

दाराच्या ब्लूप्रिंटमध्येच ‘ई’चा इव्हेंट टाकावा असं पहिल्यांदा सुचतं. दाराकडे इन्पुट पोहोचतच नाही. इन्पुट कंट्रोलरला आणि त्याने ताब्यात घेतलेल्या पात्राला मिळतं. ‘एनेबल इन्पुट’ने ते दारालाही देता येतं, पण दहा दारं झाली की एका दाबाला दहाही उघडतात. बटण पात्राने ऐकावं आणि समोरच्या वस्तूला निरोप द्यावा, हे बरं.

१. ‘ब्लूप्रिंट इंटरफेस’ (वेगवेगळ्या वस्तूंना एकाच नावाने निरोप देण्याची सोय) करा, त्यात ‘इंटरॅक्ट’ नावाचं एक फंक्शन.
२. दाराच्या ‘क्लास सेटिंग्ज’मध्ये तो इंटरफेस जोडा. कंपाइल करा, मग दारात इंटरॅक्टचा इव्हेंट टाका.
३. पात्रात इंटरॅक्ट कृतीच्या स्टार्टेडमधून ‘स्फिअर ट्रेस बाय चॅनल’, म्हणजे समोर काय आहे ते पाहायला अदृश्य गोळा पुढे सोडणारा नोड. सुरुवात ‘गेट अ‍ॅक्टर लोकेशन’, शेवट म्हणजे त्यात ‘गेट अ‍ॅक्टर फॉरवर्ड व्हेक्टर’ गुणिले १५० मिळवून. त्रिज्या ४०.
४. ‘ब्रेक हिट रिझल्ट’मधून ‘हिट अ‍ॅक्टर’ काढा आणि त्याला इंटरॅक्टचा ‘मेसेज’ पाठवा.

मेसेजची सोय अशी की समोर भिंत असली तर काही होत नाही, चूकही येत नाही. उद्या पेटी, दिवा, माणूस काहीही असो, पात्राचा ग्राफ तोच राहतो.

ट्रेस कॅमेऱ्यापासून सुरू करायला सांगणारे धडे पुष्कळ आहेत. ते पहिल्या व्यक्तीच्या दृष्टीच्या गेमसाठी आहेत. थर्ड पर्सनमध्ये कॅमेरा पात्राच्या तीन-चार मीटर मागे असतो, त्यामुळे तीन मीटरचा ट्रेस पात्रापर्यंतसुद्धा जेमतेम पोहोचतो. शंका असेल तर ट्रेस नोडवर ‘ड्रॉ डीबग टाइप’ला ‘फॉर ड्युरेशन’ करा. ट्रेस कुठून कुठे गेला ते लाल-हिरव्या रेषांत दिसेल.

दार हलवायला ‘टाइमलाइन’ (ठरलेल्या वेळात आकडा हळूहळू बदलणारा नोड) घ्या आणि ‘प्ले’ व ‘रिव्हर्स’ वापरा. ‘प्ले फ्रॉम स्टार्ट’ वापरलंत, तर अर्धवट उघडलेलं दार पुन्हा बटण दाबताच झटक्याने मिटून नव्याने उघडायला लागतं.

९. बटण धरून ठेवणं

कुलूप फोडायला ‘एफ’ काही वेळ धरून ठेवावं लागावं. अनलॉकच्या कृतीवर ‘होल्ड’ ट्रिगर लावा. त्याची मूळ वेळ १ सेकंद असते. खेळताना ती लांब वाटते, ०.६ पुरते. ‘इज वन शॉट’वर खूण करा, नाहीतर वेळ भरल्यावर ट्रिगर्ड दर फ्रेमला येत राहील.

आता पाचही पिना उपयोगी पडतात. स्टार्टेडवर पडद्यावर भरत जाणारी पट्टी दाखवा. ऑनगोइंगवर ‘इलॅप्स्ड सेकंड्स’ भागिले ०.६ ही किंमत पट्टीला द्या. ट्रिगर्डवर कुलूप उघडा. कॅन्सल्ड, म्हणजे खेळाडूने मध्येच सोडलं, आणि कम्प्लीटेड या दोन्हींवर पट्टी लपवा. कॅन्सल्ड विसरलात तर अर्धी भरलेली पट्टी पडद्यावर तशीच लटकत राहते.

एकाच बटणावर ‘टॅप’ आणि ‘होल्ड’ दोन्ही ठेवता येतात. दोन वेगळ्या कृती करून एकाच कॉन्टेक्स्टमध्ये त्याच बटणाला जोडायच्या. पण टॅपची मूळ मर्यादा ०.२ सेकंद आहे. खेळाडूने ०.४ सेकंद धरलं, तर टॅपही होत नाही आणि होल्डही नाही. शिवाय टॅप बटण सोडल्यावर लागू होतो, म्हणून दार किंचित उशिरा हलल्यासारखं वाटतं. पहिल्या गेममध्ये दोन वेगळी बटणं द्या.

१०. गाडी, मेन्यू आणि कॉन्टेक्स्टची अदलाबदल

गाडीत बसल्यावर गाडीचा कॉन्टेक्स्ट प्रायॉरिटी १ ने जोडा, उतरल्यावर ‘रिमूव्ह मॅपिंग कॉन्टेक्स्ट’. मोठ्या प्रायॉरिटीच्या कॉन्टेक्स्टमध्ये ‘ई’ असेल आणि त्या कृतीचं ‘कन्झ्युम इन्पुट’ चालू असेल, तर खालच्या कॉन्टेक्स्टला ‘ई’ मिळत नाही. म्हणून उतरताना कॉन्टेक्स्ट काढायला विसरलात, तर पायी चालणाऱ्या पात्राचं दार उघडेनासं होतं.

‘अ‍ॅड मॅपिंग कॉन्टेक्स्ट’च्या पर्यायांत आधीपासून दाबलेल्या कळा सोडेपर्यंत दुर्लक्षित ठेवण्याची खूण असते आणि ती मुळात चालू असते. ‘ई’ने गाडीत बसलेला माणूस त्याच दाबाने लगेच बाहेर पडू नये यासाठी ती चांगली आहे. पण ‘डब्ल्यू’ दाबून ठेवत गाडीत बसलेल्याला ती कळ सोडून पुन्हा दाबावी लागेल, हे लक्षात ठेवा.

मेन्यूसाठी ‘सेट इन्पुट मोड’चे तीन प्रकार आहेत. मेन्यू उघडताना ‘यूआय ओन्ली’ केलंत, तर बंद करताना ‘गेम ओन्ली’ करायलाच हवं, आणि ‘शो माउस कर्सर’ही परत बंद. यूआय ओन्ली असताना पात्राला एकही कळ मिळत नाही, म्हणून मेन्यू ज्या कळीने उघडला त्याच कळीने बंद व्हावा असं वाटत असेल तर ‘गेम अँड यूआय’ निवडा. गेम ‘पॉज’ होणार असेल, तर मेन्यूच्या कृतीत ‘ट्रिगर व्हेन पॉज्ड’ चालू करा, नाहीतर थांबलेला गेम पुन्हा सुरूच करता येत नाही. पॉजमध्ये ‘डिले’ नोडही पुढे सरकत नाही. मेन्यूला एस्केप कळ द्यायची असेल, तर लक्षात घ्या की एडिटरमध्ये एस्केप दाबलं की खेळच बंद होतो. चाचणीपुरती ‘पी’ कळ जोडून ठेवा.

११. बटण चालत नसेल तर या क्रमाने बघा

आधी खेळाच्या खिडकीत एकदा क्लिक करा. एडिटरचं लक्ष दुसऱ्या खिडकीकडे असेल तर कळा गेमला जातच नाहीत. मग स्टार्टेडला ‘प्रिंट स्ट्रिंग’ जोडा. मजकूर उमटला, तर इन्पुट ठीक आहे आणि दोष पुढच्या नोडमध्ये आहे. तिथे एफ ९ दाबून ब्रेकपॉइंट (खेळ त्या नोडवर थांबवणारी खूण) लावा आणि वायर कुठवर जाते ते बघा.

मजकूर उमटलाच नाही, तर खेळ चालू असताना टॅबच्या वरची कळ दाबून कन्सोल उघडा आणि इंग्रजीत ‘शोडीबग’, एक मोकळी जागा, ‘एन्हान्स्डइन्पुट’ असं लिहा. कोणते कॉन्टेक्स्ट चालू आहेत आणि कोणत्या कृती कोणत्या बटणाला जोडल्या आहेत हे पडद्यावर दिसेल. तुमचा कॉन्टेक्स्ट त्यात नसेल, तर पाचवी पायरी चुकली आहे. त्यातही बहुधा गेम मोड चुकलेला असतो. लेव्हलच्या ‘वर्ल्ड सेटिंग्ज’मध्ये वेगळा गेम मोड निवडलेला असेल, तर प्रोजेक्ट सेटिंग्जमधला बाजूला पडतो आणि तुमचा प्लेअर कंट्रोलर वापरलाच जात नाही. कॉन्टेक्स्ट दिसतो पण इव्हेंट येत नाही, असं असेल तर कन्झ्युम इन्पुट आणि दुसऱ्या पायरीतल्या सेटिंग्ज तपासा.

गेम नेटवर्कवर खेळायचा असेल, तर एवढं आत्ताच जाणून घ्या की बटणाचा इव्हेंट फक्त ते दाबणाऱ्याच्या मशीनवर येतो. दार सगळ्यांना उघडलेलं दिसायला हवं असेल, तर स्टार्टेडमधून ‘रन ऑन सर्व्हर’ असा कस्टम इव्हेंट बोलवावा लागतो. पळण्याचा वेग नुसता स्वतःच्या मशीनवर वाढवलात, तर सर्व्हर जुन्या वेगाने हिशेब करून पात्राला मागे ओढतो आणि ते धक्के खात पळतं. एडिटरमध्ये ‘नंबर ऑफ प्लेअर्स’ २ आणि ‘नेट मोड’ला ‘प्ले अ‍ॅज क्लायंट’ करून हे पहिल्याच दिवशी तपासून बघता येतं.